मुलाची जन्मतारीख आधी लिहा

15 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेच्या यूएससीआयएस या खात्याने ग्रीन कार्डासाठी मुलांचे वय मोजण्याची पद्धत पुन्हा जुन्या वळणावर नेली. फेब्रुवारी 2023 मध्ये याच खात्याने थोडा दिलासा दिला होता. व्हिसा बुलेटिनमधल्या ‘डेट्स फॉर फायलिंग’ या तक्त्यानुसार अर्ज स्वीकारले जात असतील, तर त्या तक्त्यावरूनच मुलाचे वय ठरवले जाई. हा तक्ता सहसा पुढे असतो, त्यामुळे अनेक मुले एकविसाव्या वर्षाच्या आत राहून सुटली. आता हिशोब फक्त ‘फायनल ॲक्शन डेट्स’ या तक्त्यावर होतो. 15 ऑगस्टच्या आधी दाखल होऊन प्रलंबित राहिलेल्या अर्जांना आधीचाच नियम लागू आहे. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत देणाऱ्यांना मात्र ही सवलत कधी मिळालीच नव्हती, कारण अमेरिकेचे परराष्ट्र खाते पहिल्यापासून फायनल ॲक्शनच धरत आले आहे.

या बदलाचा फटका कोणाला बसतो, हे व्हिसाच्या कागदपत्रांचे काम करणाऱ्या आपल्या व्यवसायात सांगावे लागत नाही. 2025 मध्ये भारतीयांच्या ईबी-2 आणि ईबी-3 या नोकरीच्या रांगांच्या तारखा 2013 च्या आसपास रेंगाळत होत्या. पुण्याहून किंवा नाशिकहून तीन-चार वर्षांचे मूल घेऊन एच-1बी वर गेलेल्या जोडप्याचा नंबर लागतो, तोवर ते मूल कॉलेजात पोहोचलेले असते. आईवडिलांना कायम वास्तव्य मिळते आणि मूल दाराबाहेर राहते. यातल्या काही प्रकरणांत कायद्यालाच वाट नसते. पण काही प्रकरणांत वाट असते आणि ती कोणी वेळेवर दाखवलेली नसते. हे संपादकीय त्या दुसऱ्या प्रकरणांसाठी आहे. फाईल वडिलांच्या किंवा आईच्या नावाने उघडते, म्हणून आपण नोकरी, पदवी, पगार असे सगळे विचारतो आणि मुलांची माहिती शेवटच्या पानावर टाकतो. ही सवय मोडायला हवी.

सर्वांत जास्त गोंधळ ‘फॉलोइंग टू जॉइन’ या तरतुदीबद्दल दिसतो. नोकरीच्या किंवा कुटुंबाच्या प्राधान्य गटातून ज्याला ग्रीन कार्ड मिळाले, त्याचे लग्न त्याआधी झालेले असेल, तर त्याच्या अविवाहित आणि एकविशीच्या आतल्या मुलासाठी नवी याचिका लागत नाही. मूल मागे भारतात राहिले असले तरी त्याला पालकाचीच प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, मिळते. पालकाने अमेरिकेत राहून स्टेटस बदलले असेल, तर आय-824 हा अर्ज भरून मुलाचे प्रकरण वकिलातीकडे पाठवायचे. पालक स्वतः वकिलातीतून इमिग्रंट व्हिसा घेऊन गेला असेल, तर थेट वकिलातीशी पत्रव्यवहार करायचा. मूल अमेरिकेतच एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर असेल, तर ते आय-485 भरू शकते. आय-824 पालकाच्या आय-485 सोबतच देता येतो, हे तर बहुतेकांना ठाऊकच नसते. घडते असे, की कार्ड हातात आल्याच्या आनंदात पालक मुलासाठी फक्त आय-130 ही नातेवाइकांसाठीची याचिका भरतो आणि मूल एफ2ए च्या, म्हणजे कायम वास्तव्य असलेल्यांच्या पती-पत्नी आणि एकविशीच्या आतल्या मुलांच्या, रांगेत नव्या तारखेने शेवटी जाऊन उभे राहते. जुलै 2019 ते मार्च 2023 ही रांग मोकळी होती, तेव्हा ही चूक खपून गेली. एप्रिल 2023 पासून तिथे पुन्हा थांबावे लागते, आणि ज्या मुलाला बापाची दहा-बारा वर्षे जुनी तारीख हक्काने मिळत होती ते विनाकारण अडकते.

तरीही आय-130 निरुपयोगी आहे असे समजू नका. मूल एकोणीस-वीस वर्षांचे असेल, तर दोन्ही अर्ज करावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. याचे कारण पुढे येते.

चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट 6 ऑगस्ट 2002 रोजी अमलात आला. त्याचे सूत्र आपल्याला पाठ असते, पण ते पालकासमोर कागदावर मांडून दाखवणारे थोडे. व्हिसा नंबर उपलब्ध झाला त्या दिवशीचे मुलाचे वय घ्यायचे आणि त्यातून याचिका जितके दिवस प्रलंबित होती तितके दिवस वजा करायचे. समजा मुलीचा जन्म 10 मार्च 2004 चा आहे आणि नंबर 1 ऑगस्ट 2025 रोजी लागला. त्या दिवशी तिला एकविशी ओलांडून 144 दिवस झालेले आहेत. वडिलांसाठी कंपनीने भरलेली आय-140 याचिका 200 दिवस प्रलंबित होती, तर मुलगी कायद्याच्या नजरेत अजून वीस वर्षांची आहे आणि वाचली. पण कंपनीने जादा शुल्क भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेतले असेल आणि याचिका वीस दिवसांत मंजूर झाली असेल, तर वजा करायला वीसच दिवस उरतात आणि मुलगी बाहेर पडते. पर्म या कामगार प्रमाणपत्रात गेलेले महिने यात धरलेच जात नाहीत. आय-140 लवकर मंजूर व्हावी असे प्रत्येक कर्मचाऱ्याला वाटते, आणि नोकरी बदलण्याच्या किंवा एच-1बी सहा वर्षांपलीकडे वाढवण्याच्या दृष्टीने ते बरोबरही असते. मात्र घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल, तर या घाईची किंमत कोण मोजणार हे त्या माणसाला सही करण्यापूर्वी कळले पाहिजे. कंपनीचा वकील हे सांगेलच असे नाही. त्याचे अशील कंपनीही असते.

सूत्राने वय एकविशीच्या आत आले तरी काम संपत नाही. नंबर उपलब्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत मुलाने कायम वास्तव्यासाठी पाऊल उचललेले दिसावे लागते. आय-485 दाखल करणे, डीएस-260 भरणे, इमिग्रंट व्हिसाचे शुल्क भरणे, पालकाने आय-824 दाखल करणे, यांपैकी काहीही चालते. अपवादात्मक परिस्थितीत उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. बारावीची परीक्षा होऊ द्या, मग बघू, असे म्हणत हे वर्ष घालवलेली कुटुंबे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत.

वय सूत्रानेही वाचत नसेल तर? 9 जून 2014 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्कियालाबा विरुद्ध क्वेयार दे ओसोरिओ’ या खटल्यात निकाल दिला. त्याचे व्यवहारातले सार कडू आहे. पालकाच्या प्रकरणाला जोडून असलेले मूल वयाने बाहेर पडले आणि पुढच्या गटात जाण्यासाठी नवा याचिकाकर्ता लागत असेल, तर जुनी तारीख त्याच्याबरोबर जात नाही. ईबी-2 मधल्या वडिलांची 2013 ची तारीख एकविशी ओलांडलेल्या मुलीच्या उपयोगाची राहत नाही. वडिलांनी नवी आय-130 भरायची आणि तिने एकविशी ओलांडलेल्या अविवाहित मुलांच्या एफ2बी या रांगेत आजच्या तारखेने उभे राहायचे. 2025 मध्ये ही रांग 2016 च्या आसपास होती. याउलट मूल एकविशीच्या आत असताना पालकाने स्वतः आय-130 भरलेली असेल, तर वय ओलांडल्यावर ती आपोआप एफ2बी मध्ये जाते आणि तिची तारीख टिकते. म्हणूनच वर दोन्ही अर्जांचा आग्रह धरला. एका शुल्कात मुलाची काही वर्षे वाचू शकतात.

दरम्यान या मुलांना तिथेच राहायचे तर एच-4 संपण्याआधी एफ-1 या विद्यार्थी व्हिसाकडे वळावे लागते. प्रलंबित आय-130 असताना तात्पुरत्या वास्तव्याचा हेतू सिद्ध करणे अवघड जाते, म्हणून दोन्ही अर्जांचा क्रम अमेरिकी वकिलाला विचारूनच ठरवावा. डाका योजना त्यांच्या कामाची नाही. ती 15 जून 2012 रोजी कायदेशीर स्टेटस नसलेल्यांसाठी होती, आणि ही मुले तर नियम पाळून आलेली. अशा मुलांसाठी ‘अमेरिकाज चिल्ड्रेन ॲक्ट’ हे विधेयक 2021 मध्ये काँग्रेसमध्ये मांडले गेले, पण त्याचा कायदा झालेला नाही. ते होईल असे सांगून पालकांना धीर देऊ नये.

एफ2ए आणि एफ2बी दोन्हीकडे अविवाहित असणे ही अट आहे. कायम वास्तव्य असलेल्यांच्या विवाहित मुलांसाठी अमेरिकेच्या कायद्यात गटच नाही; लग्न झाले की याचिका आपोआप रद्द होते आणि नंतर घटस्फोट झाला तरी ती जिवंत होत नाही. आपल्याकडे स्थळ चांगले आले म्हणून आधी नोंदणी पद्धतीने लग्न उरकून घेतात आणि समारंभ सवडीने करतात. साखरपुड्याने काही बिघडत नाही, विवाह नोंदणी कार्यालयातल्या सहीने सगळे बिघडते. हा प्रश्न पालकांना संकोचाचा वाटला तरी विचारलाच पाहिजे, आणि दरवर्षी पुन्हा विचारला पाहिजे.

लग्न ग्रीन कार्डानंतर झाले असेल, तर पती-पत्नी आणि सावत्र मुले एफ2ए मध्येच येतात. सावत्र नात्यासाठी लग्न मुलाच्या अठराव्या वाढदिवसापूर्वी झालेले हवे. इथे पत्नीच्या आय-130 मध्येच मूल जोडून पैसे वाचवण्याची प्रथा आहे. ती धोक्याची आहे. पुढे याचिकाकर्ता अमेरिकी नागरिक झाला, की पत्नी निकटच्या नातेवाइकांच्या गटात जाते, आणि त्या गटात कोणालाही जोडून नेता येत नाही. मूल मागे पडते. म्हणून प्रत्येक मुलाची स्वतंत्र आय-130, पहिल्याच दिवशी. ग्रीन कार्ड मिळालेले मूल आईवडिलांपैकी एकाच्या नागरिकत्वाच्या वेळी अठराच्या आत असेल, तिथेच राहत असेल आणि त्या पालकाच्या ताब्यात असेल, तर 27 फेब्रुवारी 2001 पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार ते आपोआप नागरिक होते. नागरिकत्वाचा अर्ज कधी करायचा हे ठरवताना मुलाचा अठरावा वाढदिवस पाहायला हवा, तो यासाठी.

आता एक खास आपल्याकडचा विषय. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून आहे, आणि ग्रीन कार्ड असलेल्या मुलीही त्यासाठी सातारा-सोलापूरला येतात. आई कायम वास्तव्य असलेली असेल आणि तात्पुरत्या भेटीवर आलेली असताना बाळ जन्मले, तर त्या बाळाला इमिग्रंट व्हिसा लागत नाही. दोन अटी आहेत: बाळाला जन्मापासून दोन वर्षांच्या आत न्यायचे, आणि बाळाच्या जन्मानंतर पालक पहिल्यांदा अमेरिकेला परततो त्याच प्रवासात न्यायचे. नोकरीची रजा संपली म्हणून आई एकटी परत गेली आणि बाळ आजीकडे ठेवले, तर ही सवलत गमावली जाऊ शकते आणि मग उरतो एफ2ए. बाळाचा पासपोर्ट व्हायला लागणारे दिवस धरून तिकीट काढायला सांगा. आईचे ग्रीन कार्ड नसून फक्त वडिलांचे असेल, तर या नियमाचा आधार नाही.

मुलाला कार्ड मिळाल्यावर दहावी-बारावीसाठी आजी-आजोबांकडे ठेवणारेही बरेच. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास कार्डावर परत प्रवेश मिळत नाही, आणि त्याआधीही हेतूबद्दल विचारणा होऊ शकते. रीएन्ट्री परमिटचा अर्ज मूल अमेरिकेत असतानाच करावा लागतो. इथे आल्यावर विचारणाऱ्यांना आपण काही देऊ शकत नाही.

कागदपत्रांचे काम आपल्या हातातले आहे, आणि तिथे ढिलाईला जागा नको. जन्मदाखल्यात नावाच्या जागी नुसते ‘बाळ’ लिहिलेले, आईचे माहेरचे आणि सासरचे नाव वेगवेगळ्या कागदांवर, शाळा सोडल्याच्या दाखल्यातली जन्मतारीख निराळी, हे सगळे मुलाखतीच्या आदल्या महिन्यात उघडे पडते. ग्रामपंचायतीतून किंवा महापालिकेतून नाव चढवून घ्यायला, राजपत्रात बदल प्रसिद्ध करायला वेळ लागतो. वीस वर्षे दहा महिने वयाच्या मुलाकडे तो नसतो.

अमेरिकी कायद्यावर सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या वकिलांचा आहे आणि ती मर्यादा आपण पाळतोच. पण कुटुंब पहिल्यांदा येते ते आपल्याकडे, मराठीत बोलते ते आपल्याशी. म्हणून विनंती: पहिल्या भेटीच्या नोंदवहीत अर्जदाराच्या नावाखाली लगेच प्रत्येक मुलाची जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि एकविसाव्या वाढदिवसाची तारीख लिहा. याचिका दाखल झाल्याची आणि मंजूर झाल्याची तारीख तिथेच नोंदवा. ज्यांच्याकडे सतरा वर्षांवरील मुलांच्या फायली आहेत त्यांनी त्या या महिन्यात बाहेर काढून नव्या नियमाने हिशोब पुन्हा करावा, आणि जिथे वय बाहेर जाते तिथे पालकांना आजच फोन करून तसे सांगावे.