पॉइंट टू-टूची संगत

राहात्यात पिस्तुलाचा विषय निघाला की गप्पा दोनच वाटांनी जातात. एक तर पेपरातली गावठी कट्टा जप्त झाल्याची बातमी, नाहीतर परवान्याचं पिस्तूल कमरेला लावून लग्नात मिरवणारे कुणाचे तरी पाहुणे. त्यामुळे पुण्याला मुलीकडे गेलो की मी एका क्लबात पिस्तूल चालवायला जातो, हे कळल्यावर शेजारचे पेरूवाले तात्या म्हणाले, "सर, या वयात कुणाला उडवायचंय?" कुणालाच नाही, तात्या. कागदाला.

मी शाळेत एनसीसी पाहायचो. कॅम्पात मुलं-मुली पॉइंट टू-टू रायफल चालवत आणि फायरिंग संपलं की पुंगळ्या मोजून घेतल्या जात. एक जरी कमी भरली तरी सगळे गवतात ओणवे. त्याच काडतुसाचं पिस्तूल मात्र निवृत्तीनंतर हातात आलं आणि मी त्याच्या नादी लागलो.

हे काडतूस जेमतेम इंचभर लांब, वर अडीच ग्रॅमच्या आसपास शिशाची गोळी. इतर काडतुसांत पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध टोपीत असतो. इथं तो बुडाच्या दुमडलेल्या कडेत असतो आणि पिस्तुलाची पिन त्या कडेवरच आपटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या कारागिरानं ही युक्ती रुळवली. आज आम्ही वापरतो ते लाँग रायफल काडतूस अमेरिकेत 1887 मध्ये आलं, आणि 'रायफल' नाव असूनही पिस्तुलात तेच चालतं. कड चेपली जावी म्हणून पुंगळी पातळ ठेवावी लागते. पातळ म्हणून आतला दाब मर्यादेत ठेवावा लागतो, आणि गोळी हलकी, दारू थोडी म्हणून हाताला धक्का कमी. खोटही आहेच. कडेत मसाला सारखा पसरला नसेल तर नुसतं 'टक' होतं. अशा वेळी नळी टारगेटकडेच ठेवून थांबायचं, नळीत डोकावायचं नाही.

धक्का कमी म्हणजे खेळ सोपा, असं तात्यांना वाटतं. मला उलटं वाटतं. मोठ्या पिस्तुलात गोळी भरकटली तर आवाजावर, धक्क्यावर ढकलता येते. इथं ढकलायला कुणी नाही. उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली डावीकडे गेली, की चाप हिसकला गेला हे सगळ्या रेंजला कळतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढलेल्या मास्तरला हा कागद फार आवडतो. शिवाय गोळी मोठ्या काडतुसाच्या मानानं स्वस्त, त्यामुळे पेन्शनीतही चुकायची ऐपत राहते.

"मग छर्ऱ्याचं एअर पिस्तूल काय वाईट?" असं विचारतात. वाईट मुळीच नाही. सुरुवात त्यावरच करावी, मुलांनी तर नक्कीच. पण टू-टूवर खेळल्या जाणाऱ्या महिलांच्या 25 मीटर पिस्तूल स्पर्धेचा दुसरा टप्पा पाहा. पिस्तूल धरलेला हात खाली तिरका. इशारा होतो, तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात हात वर, नेम धरायची माशी जागेवर, एक गोळी. मग सात सेकंद थांबा आणि पुन्हा तेच. पहिल्या टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटं मिळतात आणि दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं असतं. एकाच सामन्यात संथपणा आणि चपळाई दोन्ही मागणारा हा प्रकार 22 ऑगस्ट 2018 ला पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतनं जिंकला. थायलंडच्या मुलीशी 34-34 बरोबरी, मग शूट-ऑफ, तोही बरोबरीत सुटला म्हणून आणखी एक. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. कोल्हापूरनंच तेजस्विनी सावंत दिली, स्वप्नील कुसाळे दिला. त्या दोघांच्या रायफलीतही हेच पॉइंट टू-टू काडतूस.

आमच्याकडची पोरं मात्र छर्ऱ्यापाशीच थांबतात. त्याला दहा मीटरचा हॉल पुरतो, टू-टूला पंचवीस मीटरची उघडी रेंज लागते. मागं मातीचा उंच बांध, बाजूला भिंती, शस्त्रं ठेवायला कुलुपबंद खोली, नोंदवही आणि जबाबदार माणूस. राहात्याच्या मुलीला हे हवं असेल तर पुण्यातली बालेवाडी गाठायची, म्हणजे सगळा दिवस प्रवासात. आई-बाप एकदा नेतात, दोनदा नेतात.

तालुक्यात कट्टे कमी आहेत का, त्यात तुमची रेंज कशाला, असंही ऐकवलं जातं. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण रेंजवर गोळीगणिक हिशेब असतो आणि नळी वाकड्या दिशेला वळवणाऱ्याला तिथल्या तिथं बाहेर काढतात. लग्नात हवेत बार काढणाऱ्यांपैकी किती जणांना असं कुणी कधी रोखलं असेल? शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं त्या बारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला आहे, तरी मोबाइलवर व्हिडिओ येतच असतात. ज्यांना परवाना हवा आहे त्यांना आधी वर्षभर रेंजवर कागदासमोर उभं करावं, असं माझं मत आहे. निम्मे तरी कंटाळून अर्ज मागे घेतील.

जिल्हा नियोजनाच्या कामांत व्यायामशाळा असतात, सभामंडप असतात. त्यात एक 25 मीटरची रेंज घाला, शस्त्रांची खोली पोलिसांच्या ताब्यात द्या आणि आठवड्यातले दोन दिवस शाळांसाठी ठेवा. नोंदवही लिहायला मी फुकट येईन. तात्यांना पहिल्या दिवशी बोलावणार आहे, कानाला लावायची मफं माझ्याकडची देतो.