डबा मधल्या सुट्टीतच खायचा!

मंडळी, आज जरा तावातावाने लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते. विषय मधुमेहाचा आहे, पण आपल्या वयाच्या लोकांच्या मधुमेहाचा नाही. त्यावर आपण सकाळी फिरायला जाताना रोजच बोलतो. मी बोलतेय ते सहा, दहा, चौदा वर्षांच्या पोरांच्या मधुमेहाबद्दल. डॉक्टर त्याला टाईप वन म्हणतात.

देवपुरात कुठल्याही ओट्यावर हा विषय काढा, पहिलं वाक्य ठरलेलं. "पोरले साखर शे? गोड फार खात असणार!" दुसरं वाक्य आईच्या नावाने. "लाड नडले."

अहो, काय संबंध? या आजारात शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. पोराने पेढे खाल्ले म्हणून नाही, की आईने चॉकलेट दिलं म्हणून नाही. एकदा त्या पेशी गेल्या की इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, रोज आणि जन्मभर. गोळ्या, काढे, कारल्याचा रस, यांतलं काहीही त्याची जागा घेत नाही. "सुया कशाला टोचताय, आमच्याकडे जडीबुटी आहे" असं सांगणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांतच पोराच्या जिवावर बेततं.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशा पोरांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस ढकलायचे, एवढाच उपाय होता. तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला. म्हणजे पोर जगवायची विद्या माणसाला सापडून शंभर वर्षं उलटली. आता अडतंय ते आपल्यामुळे, आपल्या नियमांमुळे आणि आपल्या "लोक काय म्हणतील"मुळे!

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. मधली सुट्टी झाली की मुलींच्या स्वच्छतागृहात जायची. तिथली कडी तुटलेली. एका हाताने दार ओढून धरायची आणि दुसऱ्या हाताने पोटात सुई टोचायची. का? तर घरून ताकीद होती, कोणाला कळता कामा नये. उद्या लग्नाच्या वेळी अडचण नको! तेरा वर्षांच्या पोरीचं लग्न डोळ्यांसमोर ठेवून तिला संडासात इंजेक्शन घ्यायला लावणारा समाज आपला. तिच्या आईला बोलावून समजावलं आणि पोरीला शिक्षक-खोलीतल्या कपाटाचा एक कप्पा दिला. दोन आठवड्यांत वर्गातल्या मुलीच तिला विचारू लागल्या, "घेतलं का गं?" पोरांना अवघड काहीच नसतं. अवघड मोठ्यांना असतं.

लपवण्याने नुसता मनस्ताप होत नाही, धोकाही होतो. इन्सुलिन घेणाऱ्या पोराची साखर एकाएकी उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, पोर चिडतं, बरळतं. शिक्षकांना माहीतच नसेल तर ते म्हणणार, उद्धटपणा करतोय. चक्कर येऊन पडलं तर फिट समजून नाकाला कांदा लावणार. लागतं काय? पोर शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि थेट दवाखाना. एवढं शिकायला बी. एड. लागत नाही.

आता माझे जुने सहकारी म्हणतील, "बाई, साठ पोरांचा वर्ग, एकाला तासाला खाऊ दिलं तर सगळे डबे उघडतील." का उघडतील? चष्मेवाल्या पोराला पहिल्या बाकावर बसवतो, तेव्हा बाकीचे चष्मा मागतात का? "काही झालं तर जबाबदारी कोणाची?" हा दुसरा प्रश्न. अहो, काही न केल्याने झालं, तर ती कोणाची? नियम पोरांसाठी असतो. डबा मधल्या सुट्टीतच, हा नियम एका पोराच्या जिवापेक्षा मोठा नाही.

आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही. सीबीएसईने २०१७ मध्येच दहावी-बारावीच्या अशा मुलांना परीक्षेच्या वर्गात साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी न्यायची परवानगी दिली. त्या फळांत केळंही आहे, आमच्या खान्देशाला बरंच! जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना लिहिलं की अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या. पत्र निघालं. ते तुमच्या गल्लीतल्या शाळेत पोहोचलं का, हे जाऊन विचारा बरं.

कायद्याचंही तेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, आणि ते असायलाच हवेत. साक्री-शिरपूरकडच्या लोकांना सिकलसेल काय ते सांगायला नको. पण टाईप वन त्या यादीत नाही. भारतात अशी दोन लाखांहून अधिक मुलं-मुली असल्याचा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा २०२१ चा अंदाज आहे. त्यांनी सवलत मागायची कोणत्या खिडकीवर?

खर्चाचं गणित मांडते, शिक्षिका आहे ना! साखर तपासायची एक पट्टी वीस रुपयांची धरा. दिवसातून चार वेळा, म्हणजे ऐंशी रुपये. महिन्याला चोवीसशे, नुसत्या पट्ट्यांचे. इन्सुलिन आणि सुया वेगळ्या. शेतमजुराने हे कुठून आणायचं? मग तपासणी बंद होते आणि अंदाजाने सुई टोचली जाते. त्यात आपला उन्हाळा! न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि मे महिन्यात धुळ्या-जळगावात पारा चाळिशीच्या वर. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, आणि आतल्या मडक्यात बाटली. फ्रीजइतका थंडावा येत नाही, पण उन्हाच्या काहिलीतून औषध वाचतं. हे साधं ज्ञान तरी दवाखान्यातून प्रत्येक आईला मिळायला नको का?

नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्ट उभा करून गरीब पोरांना इन्सुलिन पुरवलं. संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था आहे. त्यांना नमस्कार. पण पोराचा श्वास देणगीवर का चालावा? केरळात सरकारचीच 'मिठाई' नावाची योजना आहे. आपल्याकडे का नको?

आणि ज्यांना वाटतं की अशा पोराचं आयुष्य संपलं, त्यांनी वसीम अक्रम आठवावा. १९९७ मध्ये त्याला मधुमेह झाला, आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. इन्सुलिन घेऊन!

आपल्या नात्यात पाच-सहा शिक्षक आहेत, त्यांना माझं थेट सांगणं. सोमवारी मुख्याध्यापकांना विचारा, असं मूल शाळेत आहे का. असेल तर एक कप्पा, साखरेचा डबा, पालकांचा फोन नंबर आणि काय करायचं ते माहीत असलेले दोन शिक्षक, एवढं याच आठवड्यात होऊ शकतं. आणि लग्नं जमवणाऱ्या माझ्या जावा-नणंदांनो, मुलीला साखर आहे म्हणून नाक मुरडाल, तर मला फोन करू नका. मी भांडेन.