विश्लेषण : मुंबईचे नाव मिरवणारी रंगीत सागरी गोगलगाय ओळखायची कशी?

अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला हाजी अली, मरीन ड्राइव्ह किंवा जुहूचे खडक उघडे पडले, की समाजमाध्यमांवर रंगीबेरंगी ‘सी स्लग’ची छायाचित्रे फिरू लागतात. खाली प्रश्न ठरलेला असतो: ही कोणती? उत्तर रंगावरून दिले जाते आणि तिथेच घोळ होतो.

हा जीव नेमका काय?

शंखाच्या कुळातला, पण मोठेपणी कवच सोडून देणारा मऊ प्राणी म्हणजे सागरी गोगलगाय. त्यातल्या न्यूडिब्रँक गटातील अनेक प्रजातींच्या पाठीवर कल्ले उघडे असतात. डोक्यावरची दोन शिंगे वास टिपतात. कवच नसल्याने बचाव रसायनांवर चालतो. अनेक प्रजाती स्पंज खातात, त्यातली विषारी द्रव्ये अंगात साठवतात आणि भडक रंगाने माशांना ‘चावू नका’ असे बजावतात.

मुंबईचा संबंध काय?

एच. सी. विंकवर्थ यांनी १९४६ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावरील एका प्रजातीचे वर्णन केले. नाव दिले ‘ग्लॉसोडोरिस बॉम्बायाना’. पुढे ती ‘क्रोमोडोरिस’ प्रजातिसमूहात गेली. २०१२ मध्ये डीएनएच्या आधारे या कुळाची फेरमांडणी झाली आणि आज ती ‘गोनिओब्रँकस बॉम्बायानस’ म्हणून ओळखली जाते. समूहाचे नाव पुल्लिंगी झाल्याने शेपटीचा ‘आना’ ‘आनस’ झाला. शास्त्रीय यादीत विंकवर्थ यांचे नाव कंसात दिसते, ते समूह बदलल्याची खूण म्हणून. जुनी पुस्तके आणि नवी संकेतस्थळे चाळणाऱ्याला या तीन नावांमुळे तीन वेगळे प्राणी असल्याचा भास होतो. शहराचे नाव बदलले तरी प्राण्याचे बदलत नाही, कारण प्राणिनामकरणाच्या नियमांत तशी सोय नाही.

रंगावर विश्वास का नको?

एकाच परिसरातल्या वेगवेगळ्या विषारी प्रजाती सारखी वेशभूषा करतात. एका रंगाने घाबरलेला मासा सगळ्यांनाच टाळतो. उलटही घडते. २०१८ मध्ये ‘हिप्सेलोडोरिस’ समूहाच्या अभ्यासात १७ नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यातल्या ‘हिप्सेलोडोरिस इबा’चे जांभळट आणि फिकट असे दोन वेगळे रंगावतार एकाच प्रजातीचे निघाले. फोटोवर विसंबलेल्याने त्यांना दोन नावे दिली असती.

म्हणून तज्ज्ञ कडेची पट्टी, शिंगांचा व कल्ल्यांचा रंग आणि खालची बाजू पाहतात. शंका राहिली तर जिभेवरील दातांची पट्टी आणि जननेंद्रिये तपासतात. शेवटी डीएनए.

मग हौशी नोंदींचा उपयोग काय?

भरपूर. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ उपक्रमाने सामान्य मुंबईकरांना खडकांवर नेले आणि नोंदी ‘आयनॅचरलिस्ट’वर खुल्या केल्या. तिथे किमान दोघांचे आणि दोन-तृतीयांशांहून अधिकांचे एकमत झाले की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’ शिक्का बसतो. मात्र सर्वांनी एकच फोटो पाहिलेला असतो, हे विसरू नये. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. वरून, बाजूने आणि ती बसलेल्या स्पंजासह टिपावे. प्राणी उचलू नये.

नोंदींना कायदेशीर वजनही येते. किनारा मार्गाच्या कामात वरळी-हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या, कारण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ज्या प्राण्याचे नावच निश्चित नाही, त्याच्यासाठी असा आग्रह कुणी कशाच्या आधारे धरणार?

काल्हेरच्या खाडीत दिसेल का?

रंगीत जातीची शक्यता फार कमी. तिला खारे पाणी, खडक आणि त्यावर स्पंज लागतो. काल्हेर-कशेळीच्या बाजूला उल्हास नदीचे गोडे पाणी आणि गाळ आहे. खाडीकाठच्या कांदळवनाच्या चिखलात भेटणारी करडी-तपकिरी, कवचहीन, सरपटणारी ‘ऑन्किडियम’ कुळातली असू शकते. ती फुप्फुसाने हवेत श्वास घेते, आणि नाते सांगायचे तर भिंतीवर चढणाऱ्या पावसाळी गोगलगायीच्या अधिक जवळची आहे.