कपड्यांची हौस आणि तिला हसणारे

कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी नवे कपडे घालून आला की मित्र म्हणतात, ‘काय फिट आहे!’ जरा जास्तच उठून दिसला तर ‘ड्रिप’. बूट जमवायचा नाद लागलेला पोरगा ‘स्नीकरहेड’. घरातल्या थोरल्यांच्या कपाळाला हे ऐकून आठ्या पडतात आणि त्यांच्याकडचे शब्द बाहेर येतात: छानछोकी, नट्टापट्टा, शायनिंग. कपड्यांची हौस म्हणजे उथळपणा, हे आपण धरूनच चाललो आहोत. हा समज चुकीचा आहे आणि अनेकदा अन्यायाचाही आहे.

१९४३चं लॉस एंजेलिस घ्या. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या आणि कृष्णवर्णीय तरुणांना ‘झूट सूट’चं वेड होतं. भरीव खांद्यांचा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा कोट. मांडीशी ढगळ आणि घोट्याशी आवळलेली पँट. महायुद्धामुळे लोकरी कापडाच्या वापरावर सरकारी निर्बंध होते, म्हणून हा पोशाख देशद्रोही ठरला. जूनमध्ये नौसैनिकांचे जथे शहरात घुसले, सिनेमागृहांतून आणि ट्राममधून पोरांना बाहेर ओढून त्यांनी मारलं, त्यांच्या अंगावरचे सूट उतरवले. पोलिसांनी बहुतांशी पकडलं ते मार खाणाऱ्यांनाच. त्यानंतर नगर परिषदेने झूट सूटवर बंदी घालणारा ठराव केला. कापडाची उधळपट्टी हे निमित्त होतं. गोऱ्यांच्या शेतांत आणि कारखान्यांत राबणाऱ्यांची पोरं मान वर करून हमरस्त्याने चालतात, हे खरं दुखणं होतं. पुढे कृष्णवर्णीयांचा नेता झालेल्या मॅल्कम एक्सनेही आपला पहिला झूट सूट बॉस्टनमध्ये, तोही उधारीवर घेतला होता.

आपल्याकडे कपड्यांचा आणि मानाचा हा मुद्दा त्याच्या सोळा वर्षं आधी महाडला निघाला होता. डिसेंबर १९२७च्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडं नेसण्याची तुमची पद्धत ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसा, असं त्यांनी सांगितलं. गळ्यातल्या गळसऱ्यांचं आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या गोटपाटल्यांचं ओझंही उतरवायला सांगितलं. लुगडं वेगळं नेसायला जास्तीचा पैसा लागत नाही, हेही बजावलं. बायकांनी तिथेच लुगडी घोट्यापर्यंत सोडली. काठ वीतभर खाली आला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची एक खूण गेली. त्याला नट्टापट्टा म्हणायची कुणाची छाती आहे?

आजचा ‘ड्रिप’ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हिप-हॉपमधून आला आणि आपल्या वस्त्यांमधल्या रॅपर पोरांनी तो उचलला, हा योगायोग नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीत वाढलेला एमसी स्टॅन २०२३मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला. तेव्हा त्याच्या गाण्यांपेक्षा जास्त चर्चा त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची आणि गळ्यातल्या साखळीची झाली. तितक्याच किमतीचं घड्याळ एखाद्या उद्योगपतीच्या मनगटावर असतं, तेव्हा आपण त्याला अभिरुची म्हणतो.

साधेपणा हा मोठा गुण आहे, पण तो सगळ्यांना सारखा परवडत नाही. चुरगळलेल्या झब्ब्यातले प्राध्यापक साधे ठरतात. चुरगळलेल्या शर्टातला वॉचमनचा मुलगा गबाळा ठरतो आणि मॉलच्या दारात त्यालाच अडवलं जातं. ज्याचा मान आडनावाने, भाषेने आणि पत्त्याने आधीच ठरलेला असतो, त्याला कपड्यांची फिकीर करावी लागत नाही. बाकीच्यांना पहिली ओळख अंगावरच्या कपड्यांनीच करून द्यावी लागते.

कंपन्यांनी हे बरोबर हेरलं आहे. स्वाभिमानाची भूक दिसली की त्या तिथे किमतीचं लेबल लावतात आणि हप्त्यांची सोयही करून देतात. वस्तीतल्या पोराने बुटांपायी कर्ज काढलं तर त्यात मान कंपनीला मिळतो आणि हप्ते त्याच्या आईच्या पगारातून जातात. महाडचा उपदेश इथे अजून उपयोगी आहे: खूण पुसायची, खर्च वाढवायचा नाही.

म्हणून थोरल्यांना सांगणं एवढंच, की पोरांच्या कपड्यांना हसण्याआधी ते कशासाठी घातलेत हे त्यांना विचारा. आणि पोरांनो, नटा, मनसोक्त नटा. पण जो रुबाब फेडता फेडता घर वाकतं, तो तुमचा नाही, दुकानदाराचा आहे.