नकार द्या, पण लेखी द्या

‘‘किट कुठलं बसवलंय?’’

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका आरटीओच्या खिडकीवर आमच्या एका वाचक-फिटरला हा प्रश्न विचारला गेला. त्याने सांगितले, ‘‘साहेब, किट नाही. पद्मिनीचं इंजिन संपलंय, ईकोचं एमपीएफआय बसवायचंय, त्याची परवानगी पाहिजे.’’ आतून उत्तर आले, ‘‘म्हणजे पेट्रोलचं पेट्रोलच ना? मग बदल काय झाला? आणि बदल असेल तर तो चालत नाही.’’ अर्ज हातात न घेताच परत.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 10,000 रुपयांवर नेली. आयात केलेली असेल तर 80,000. हीच फी 2022 पर्यंत 600 रुपये होती. ऑगस्टमधल्या या वाढीपासून आमच्याकडच्या टपालाचा सूर बदलला आहे. मालक म्हणतात, दहा हजार भरतो, पण मग गाडी घाटात बंद पडू नये. मागणी रास्त आहे. पद्मिनीच्या 1089 सीसीच्या ब्लॉकचा चौथा बोअर झालेला, लायनर घालून झालेले, पिस्टन सेट मिळेल त्या मापाचा. त्यात आता पंपावर ई-20. त्याने एसी पंपाचा डायाफ्राम आणि जुने रबरी पाइप किती दिवसांत चिकट होतात ते आपण रोज पाहतो. सोलेक्सला मिश्रण लीन पडते म्हणून जेट मोठा करावा, तर ॲव्हरेज ढासळते. इंजेक्शनच्या गाडीत हे काम लॅम्डा सेन्सर आपले आपण करतो. जुन्याला पार्ट नाहीत आणि नव्याला परवानगी नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आपल्याला नवे नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळातून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि तेव्हापासून आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे, या एका वाक्यावर सगळ्या खिडक्या बंद होतात. पण त्याच कलमाचे परंतुक कोणी वाचायला तयार नाही. बॅटरी, सीएनजी, एलपीजी यांसाठी मान्यताप्राप्त किट असेल तर कायदा बदलाला वाट देतो. म्हणजे 1990 नंतरच्या पद्मिनीचे अख्खे इंजिन उचलून भंगारात टाका, जागी मोटर आणि डिकीत बॅटऱ्या ठेवा, चालेल. तेच झिजलेले इंजिन ठेवून मागे गॅसचा सिलिंडर बांधा, तरी चालेल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट बीएस-4 चे पेट्रोल इंजिन मात्र चालणार नाही. पीयूसीला बीएस-2 च्या आधीच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत माफ आहे, बीएस-4 ला 0.3. आम्हाला कडक मापाने मोजा, असे आम्ही स्वतःहून म्हणतो आहोत, तर ते ऐकून घ्यायला कोणी नाही.

व्हिंटेज नोंदणीचा मार्ग दाखवणाऱ्यांनी तो नियम आधी वाचावा. जुलै 2021 चे ते नियम पन्नास वर्षांवरच्या आणि इंजिनसह मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहेत. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, आणि रोजच्या वापराला मनाई. मूळपणाला तिथे मान आहे तो योग्यच आहे. अस्सल, सुस्थितीतल्या गाडीची फायरवॉल कापणाऱ्याला आमच्या मासिकात जागा नाही. प्रश्न आहे तो रोज कामावर जाणाऱ्या, बॉडी चांगली आणि इंजिन गेलेल्या हजारो पद्मिनी-अँबेसेडरचा. खुद्द प्रीमियरने 118 एनईमध्ये निस्सानचे 1171 सीसीचे इंजिन घातले होते, हिंदुस्तान मोटर्सने अँबेसेडरमध्ये इसुझूचे 1.8 लिटरचे. कंपनीने केले की ते नवे मॉडेल आणि कुर्ल्याच्या फिटरने केले की कलम 182-अ, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड.

आता घरचे बोलू. खिडकी आज इतकी घट्ट बंद आहे त्यात आपल्याच काही भाऊबंदांचा हात आहे. नव्या ब्लॉकवरचा नंबर ग्राइंडरने उडवायचा आणि आरसीवरचा जुना नंबर पंचने ठोकायचा, हा उद्योग सर्रास चालतो. पॅडवर ग्राइंडरचे गोल ओरखडे, आकडे एका ओळीत नाहीत, एक खोल, एक उथळ. इन्स्पेक्टरला ते कळत नाही असे समजू नका. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला तर नक्कीच कळते, आणि अपघातानंतर क्लेम बुडतो तो मालकाचा. ही युक्ती नव्हे, सरळ बनावटगिरी आहे.

आणि कामाची प्रत? चाळीस हॉर्सपॉवरच्या गाडीत सत्तरीपुढचे इंजिन, ब्रेक मात्र चारही ड्रम, तेही जुन्याच लायनरवर. हार्नेस पकडीने तोडून इन्सुलेशन टेपने जोडलेला. स्पीड सेन्सर लावायचाच नाही, मग आयडलिंग वरखाली होते म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळायचा. चेक इंजिनचा दिवा डॅशच्या मागे कोंबायचा. अशी एक गाडी पासिंगला गेली की पुढच्या दहा चांगल्या गाड्या परत येतात.

तेव्हा तोंडी नकार घेऊन परत येणे आता बंद करा. कलम 57 प्रमाणे कलम 52 खालच्या आदेशावर तीस दिवसांत अपील करता येते. पण आदेशच कागदावर नसेल तर अपील कशावर करणार? म्हणून तर तुम्हाला कोणी काही लिहून देत नाही. काम करण्याआधी अर्ज द्या, आवक विभागातून शिक्क्याची पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत इंजिन जिच्यातून काढले त्या गाडीच्या आरसीची प्रत, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राचे बिल, दोन्ही इंजिन नंबरांची पेन्सिल प्रिंट आणि ब्रेकच्या कामाचा तपशील जोडा. एजंटाला यातले काही करू देऊ नका.

कलम 52 मध्येच विशिष्ट कारणासाठी वेगळ्या प्रकारच्या बदलाला सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. आपली मागणी तेवढीच: बीएस-4 किंवा त्यापुढचे, कागदपत्रांसह आलेले इंजिन तपासणीनंतर चढवू द्यावे. तपासणी करायला एआरएआय ही वाहन संशोधन संस्था पुण्यातच, टेकडीवर आहे. त्या टेकडीवर रोज सकाळी निम्मे कोथरूड फिरायला जाते, आमच्या गाड्याही जातील. फी लावा, आम्ही भरू.

या मागणीच्या निवेदनाला आधार लागतो तो कागदाचा. लेखी नकारांच्या छायाप्रती, अर्जाच्या पोचेसह, येत्या महिन्याच्या 20 तारखेच्या आत आमच्या कचेरीत पोचल्या पाहिजेत. प्रत्येक जिल्ह्यातून निदान एक हवी. नंबर पंच केलेल्या गाड्यांचे कागद कृपया पाठवू नयेत. त्यांची वकिली आम्ही करणार नाही.