दोष यंत्राचा की इंधनाचा?

नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केला की कोकणच्या किनाऱ्यावर नव्या हंगामाची लगबग सुरू होते. जाळी दुरुस्त झालेली असतात, होडीला रंग लागलेला असतो. परंतु पावसाळाभर खोपीत उभे करून ठेवलेले जुने आउटबोर्ड यंत्र मात्र दोरी ओढून ओढून हात भरून आले तरी सुरू होत नाही. झालेच तर चार-दोन मिनिटे चालून बंद पडते. नाखवा म्हणतो, यंत्र म्हातारे झाले. मिस्त्री कार्बोरेटर बदलावयास सांगतो. शेजारी नवे यंत्र घेण्याचा सल्ला देतो. आमच्या मते या तिन्ही निदानांत बहुधा एकच चूक असते. सर्वांचे लक्ष यंत्राकडे जाते; त्याला पाजलेल्या इंधनाकडे कोणी पाहत नाही.

2025 साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा विहिरीवरील पंपाची चर्चा जशी येथे होते, तशीच होडीवरील यंत्राचीही व्हावयास हवी. शेतातील पंप बंद पडला तर पीक एक दिवस तहानलेले राहते. परंतु खाडीच्या मुखाशी, जेथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि ओहोटीचा ओढ बाहेर खेचत असतो, तेथे यंत्र थांबले तर होडी लाटेला आडवी होते व उलटते. तेथे प्रश्न दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो.

तपासणी टाकीपासून करावी

यंत्र अडले की प्रथम कार्बोरेटर खोलावयाचा, ही आपल्याकडील रूढ पद्धत आहे. ती आम्हांस उलटी वाटते. इंधन टाकीतून निघून कार्बोरेटरात पोहोचते. म्हणून शोधही त्याच वाटेने घ्यावा. आरंभी फक्त प्लग काढून पाहावा. पुष्कळदा दोरी ओढूनही तो कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही, असे समजावे. तो ओला असेल तर मात्र ठिणगीचा दोष आधी तपासावा. कारण प्रत्येक बिघाड इंधनाचाच असतो, असे आमचे म्हणणे नाही.

प्लग कोरडा असल्यास टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू पाहावा. तो बंद राहिला तर टाकीतील इंधन कमी होऊ लागताच आत पोकळी निर्माण होते, इंधन ओढले जात नाही आणि उत्तम चालणारे यंत्र काही मिनिटांनी गुदमरते. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर रोग सापडला म्हणावयाचे. एवढ्याशा कारणाने कार्बोरेटर खोलले गेले असतील, तर त्यात नवल नाही.

त्यानंतर नळीवरील रबरी बल्ब पाहावा. त्यावरील बाणाचे टोक वर धरून तो दाबीत गेले असता काही वेळाने घट्ट झाला पाहिजे. होत नसेल तर टाकीकडील जोडातून हवा शिरत आहे, बल्बमधील झडप निकामी झाली आहे, अथवा कार्बोरेटरातील नीडल बसत नसल्याने इंधन ओसंडून जात आहे. यंत्र चालू असता बल्ब चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूस आहे. बल्ब सतत दाबीत राहिल्यासच यंत्र चालत असेल, तर पंपाचा डायफ्रॅम फाटला आहे किंवा कोठे तरी हवा शिरत आहे. हा रबराचा गोळा बोलू शकत नाही. परंतु बोटांनी विचारले तर बरेच सांगतो.

मग टाकीच्या तळातील थोडे इंधन काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून स्थिर ठेवावे. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. तसे आढळल्यास टाकी, नळी व गाळणी ही तिन्ही रिकामी करून धुवावीत. नुसते नवे इंधन वर ओतून उपयोग होत नाही.

कार्बोरेटराची पाळी सर्वांत शेवटी येते. यंत्र मंद गतीस थांबते पण जोरात चालते, तर मंद गतीचा जेट बुजला असावा. मंद चालते पण भार येताच दम तोडते, तर मुख्य जेट पाहावा. जेट साफ करताना पोलादी तार मात्र घालू नये. छिद्र रुंद झाले की इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते. योग्य द्रावणात भिजवून हवेच्या झोताने तो मोकळा करावा. हे सर्व काम उघड्यावर करावे व जवळ विडी पेटवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व होडीच्या तळाशी साचते.

चोक ओढून यंत्र चालविण्याची खोड

पुष्कळ खलाशी चोक अर्धा ओढून यंत्र चालवितात व त्यातच समाधान मानतात. ही सवय घातक आहे. चोकवाचून यंत्र न चालणे याचा अर्थ त्यास इंधन अपुरे मिळत आहे. जुन्या द्विधावी यंत्रांत वंगणतेल इंधनातच मिसळलेले असते. इंधन कमी म्हणजे तेलही कमी. अशा स्थितीत भार टाकला तर पिस्टन तापून अडकतो. जे काम एका जेटच्या सफाईने भागले असते, त्यासाठी मग सिलिंडर उतरवावा लागतो.

विश्रांतीतील आजार

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. यंत्राचे बरेचसे आजार याच विश्रांतीत जन्मतात. कार्बोरेटरात उरलेले पेट्रोल उडून जाते व मागे चिकट राळ राहते. तीच जेटची छिद्रे बुजविते. यावर उपाय साधा आहे. हंगाम संपताच यंत्र पाण्याच्या पिंपात उभे करून सुरू करावे, नळी काढावी व ते आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. पाण्यावाचून मात्र चालवू नये. थंड पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र जळते. नंतर कार्बोरेटराच्या भांड्याचा स्क्रू उघडून उरलेले थेंब काढावेत आणि टाकी रिकामी करावी. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याची जी यंत्रे असतात, ती किनाऱ्यास लागण्यापूर्वी अखेरची काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवावीत.

आता एका नव्या गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसापासून व धान्यापासून होणारे हे इथेनॉल शेतकऱ्यास बाजारपेठ देते. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ते पाणी शोषून घेते आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की त्यासह तळाशी बसते. वंगणतेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि यंत्राला प्रथम तळाचा थर मिळतो. जुन्या नळ्यांचे व डायफ्रॅमचे रबरही इथेनॉलने फुगते व चिरते. म्हणून टाकीत इंधन फार दिवस साठवू नये आणि जुन्या नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या नळ्याच मागाव्यात.

नवे यंत्र घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु घाणेरडे इंधन नव्या यंत्रालाही जुने करते. स्वच्छ इंधनावर चालणारे जुने यंत्र कर्ज काढून आणलेल्या आणि हेळसांड केलेल्या नव्या यंत्रापेक्षा अधिक भरवशाचे असते. प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने पाणी वेगळे करणारी गाळणी, नळीचे जोड, डायफ्रॅम व गॅस्केट एवढा साठा ठेवावा आणि मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस यंत्रे झोपविण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. विस्तार कार्यकर्त्यांनी त्यात पुढाकार घ्यावा.

फाटलेले जाळे विणावयास कोळीबांधव परगावचा माणूस बोलावीत नाहीत. घरातील पोरसुद्धा ते विणते. इंधनाच्या वाटेची निगा हेही तसेच घरचे काम झाले पाहिजे. ज्याच्या हाती होडीचे सुकाणू आहे, त्याच्या बोटांना त्या बल्बची भाषा समजलीच पाहिजे.