शवासनाला वेळ द्या

आज २१ जून. राज्यभर सकाळीच मैदानांत, शाळांच्या पटांगणांत, पोलीस मुख्यालयांत आणि जिथे पावसाने गाठले तिथे मंगल कार्यालयांत सतरंज्या अंथरल्या गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव करून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला आणि २०१५ पासून तो जगभर पाळला जातो. एरवी दिवसभर खुर्चीत असणारी माणसेही आज पहाटे उठून ताडासनात उभी राहिली, हे चांगलेच झाले. आयुष मंत्रालयाने या दिवसासाठी आखून दिलेला सामायिक कार्यक्रम ४५ मिनिटांचा आहे. सांधे मोकळे करणाऱ्या हालचाली, उभ्याची, बैठी, पोटावरची आणि पाठीवरची आसने, मग कपालभाती, प्राणायाम, ध्यान अशी त्याची विचारपूर्वक रचना आहे. पण पाहुणे उशिरा येतात, स्वागत लांबते, मुलांची शाळेची वेळ होते आणि कात्री लागते ती शेवटच्या भागाला. शवासन मिनिटभरात उरकते. अनुलोम-विलोमची चार आवर्तने होतात न होतात तोच आभारप्रदर्शन सुरू होते. त्रिकोणासनातला सरळ हात छायाचित्रात दिसतो, लांबलेला उच्छ्वास दिसत नाही. जे असे कापले जाते त्याचीच आज आपल्याला सर्वांत जास्त गरज आहे, असे आम्हाला वाटते.

या म्हणण्याला मुंबईतलाच आधार आहे. १९६९ मध्ये केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अँजिओलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात उच्च रक्तदाब आणि शवासन या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचे डॉ. विनेकर त्या अभ्यासात सहभागी होते. ४७ रुग्णांना शवासन शिकवले गेले. पाठीवर निजायचे, हात-पाय शरीरापासून थोडे दूर, बोटे सैल, डोळे मिटलेले. मग पोटाने संथ श्वास. श्वास घेतल्यावर छोटा विराम, सोडल्यावर त्याहून मोठा. लक्ष नाकपुड्यांपाशी ठेवायचे, आत येणाऱ्या हवेचा गारवा आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब जाणवू द्यायची. एवढ्या साध्या अभ्यासाने, औषधे चालू नसलेल्या रुग्णांचा रक्तदाब उतरला आणि ज्यांचा दाब औषधांनी आटोक्यात होता अशा बऱ्याच जणांची मात्रा डॉक्टरांना कमी करता आली. ४७ ही संख्या लहान, हे खरे. पुढे १९७० च्या दशकात लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी तुलनेसाठी दुसरा गट ठेवून अशाच विश्रांतीचे प्रयोग केले आणि त्यांचेही निष्कर्ष याच दिशेचे निघाले. परळच्या केईएममध्ये झालेले हे काम आपल्या योगवर्गांतही फारसे कोणाला ठाऊक नसते, याची खंत वाटते.

हे कसे घडते ते ज्याचे त्याला तपासता येते. मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी धरा आणि सावकाश, खोल श्वास घ्या. श्वास आत येताना ठोके किंचित जलद होतात, बाहेर जाताना मंदावतात. तरुणांमध्ये हा फरक स्पष्ट कळतो, वयाबरोबर तो कमी होत जातो. मेंदूपासून मान, छाती आणि पोटापर्यंत उतरणारी व्हेगस ही नस हृदयाची गती आवरण्याचे काम करते आणि उच्छ्वासात तिचा अंमल वाढतो. उच्छ्वास जितका लांब तितका वेळ हा लगाम हातात राहतो. भीती, घाई, संताप यांत नेमके उलटे होते. श्वास छातीत चढतो, उथळ आणि भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. त्या लक्षणांनी माणूस आणखी घाबरतो आणि श्वास आणखी वेगाने धावतो. अशा वेळी ‘मन शांत ठेव’ हा सल्ला कोणाच्याही उपयोगी पडत नाही, कारण मनाला हुकूम देता येत नाही. हृदयालाही देता येत नाही, जठरालाही नाही. आपोआप चालणाऱ्या या सगळ्या कारभारात श्वास तेवढा असा आहे की तो झोपेत आपला आपण चालतो आणि जागेपणी आपले ऐकतोही. हा दरवाजा प्राचीन साधकांनी ओळखला, हे त्यांचे मोठेपण.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाला वाहिलेली सूत्रे अवघी तीन आहेत. आसन स्थिर असावे, सुखाचे असावे आणि प्रयत्न सैल सोडल्याने ते साधावे, असा त्यांचा रोख. चित्त प्रसन्न करण्याचे उपाय सांगताना पहिल्याच पादात त्यांनी श्वास बाहेर सोडण्याचा आणि रोखण्याचा उल्लेख केला आहे. प्राण हलला की चित्त हलते, हे हठप्रदीपिकेने प्राणायामाच्या प्रकरणाच्या आरंभीच सांगितले. नाथपंथीय ग्रंथांत माणसाच्या दिवसरात्रीच्या श्वासांची संख्या २१,६०० दिली आहे. भागून पाहिले तर मिनिटाला बरोबर १५ येतात, आणि आजचे शरीरशास्त्र निरोगी प्रौढाच्या विश्रांतीच्या श्वासाचा दर मिनिटाला १२ ते २० सांगते. महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी ती ज्ञानेश्वरांपर्यंत आली आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध, प्राणाची गती यांचे सविस्तर वर्णन मराठीत उतरले. संस्कृत न येणाऱ्यांसाठी हे दार सातशे वर्षांपूर्वीच उघडले गेले होते.

ते दार प्रयोगशाळेच्या बाजूने उघडणारा माणूसही याच मातीतला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. १८८३ मध्ये डभईला जन्म, बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांकडे व्यायामाची तालीम, नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे योगाची दीक्षा, अमळनेरला शिक्षकी. गुरूवर श्रद्धा होती, तरी अनुभव तपासून घेण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना शरीरात काय होते हे त्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने पाहिले. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो हे मोजून दाखवले आणि त्या स्थितीला आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. योगाच्या नावाने आज वाट्टेल ते दावे केले जातात, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा हा मोजून बोलण्याचा संस्कार आठवला पाहिजे.

मग आसने कशाला, फक्त श्वासच का नको? याचे उत्तर पुण्यात मिळते. १९३७ मध्ये बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार नावाचा एक कृश तरुण योग शिकवायला पुण्यात आला. लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी त्याला पोखरले होते. आखडलेल्या छातीत खोल श्वास मावत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. म्हणून त्यांच्या पद्धतीत आधी आसनांनी पाठ, खांदे, बरगड्या मोकळ्या करायच्या आणि मग प्राणायामाकडे वळायचे, तोही सुरुवातीला पडून, पाठीखाली आधार घेऊन. खुर्ची, लोड, पट्टा, घडी घातलेली घोंगडी यांना त्यांनी योगवर्गात मानाचे स्थान दिले आणि म्हातारी, आजारी, स्थूल माणसे निर्धास्तपणे आत आली. यहुदी मेन्युहिन या जगद्विख्यात व्हायोलिनवादकाशी १९५२ मध्ये मुंबईत त्यांची भेट झाली, तेव्हा पाहुणे दमलेले होते आणि त्यांच्याकडे पाचच मिनिटे होती. अय्यंगारांनी आपली अवघड आसने दाखवली नाहीत. त्यांनी मेन्युहिन यांना शवासनात निजवले. पाहुण्यांना झोप लागली, तासाभराने ते ताजेतवाने होऊन उठले आणि पुढे बराच वेळ थांबले. अय्यंगारांचे नाव युरोपात पोहोचले ते या ओळखीतून. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ निघाले तेव्हा प्रस्तावना मेन्युहिन यांचीच होती.

आणखी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. लुचानो बर्नार्दी या इटालियन डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले की लॅटिनमधली रोझरी म्हणताना किंवा बौद्धांचा मणिमंत्र जपताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहापर्यंत मंदावतो आणि हृदयाच्या लयीला त्याचा फायदा होतो. हरिपाठ म्हणणाऱ्या आजीवर किंवा वारीत अभंग म्हणत चालणाऱ्या दिंडीवर हा प्रयोग झालेला नाही. पण चरण लांबवून गाताना श्वास झटकन घेतला जातो आणि हळूहळू सोडला जातो, हे कोणत्याही भजनी मंडळात बसून पाहता येईल. वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरी, म्हटला जातो, तिथेही हेच दिसेल. भ्रामरीत तर गुंजारव हाच उच्छ्वास असतो. तेव्हा ज्यांना योग म्हटल्यावर कोणा एका धर्माची, पक्षाची किंवा वर्गाची आठवण येते त्यांनी मनातली अढी काढावी. श्वास सगळ्यांचा आहे.

घरी काय करता येईल? सदाशिव पेठेच्या अभ्यासिकेत दहा तास बसून खोलीवर परतलेल्या मुलाला, रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला किंवा विरार लोकलमधून उतरलेल्या बाईला चार-पाच आसने पुरतात. मार्जारासनाने पाठ हलवावी, शशांकासनात कपाळ खाली टेकवावे, मग भिंतीला पाय लावून विपरीत करणी. ते जमत नसेल तर जमिनीवर निजून पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात, कंबर लगेच सैलावते. शेवटी डोक्याखाली पातळ घडी आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन शवासन. मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. दम लागत असेल तर अंक कमी करावेत, ओढाताण करू नये. एकूण वीस मिनिटे, त्यातली निम्मी निजलेली. त्या वेळात विचार येतीलच, ते येण्याने काही बिघडत नाही.

सांभाळूनही राहिले पाहिजे. कपालभाती आणि भस्त्रिका हे जोरकस प्रकार गर्भवतींनी करू नयेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी त्यांच्या आणि दीर्घ कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखून धरण्याच्या, वाटेला जाऊ नये. काचबिंदू असलेल्यांना शीर्षासन घातक ठरू शकते, कारण डोळ्यांतला दाब वाढतो. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. आणि ज्यांनी मोठा आघात सोसला आहे अशा काहींना डोळे मिटून श्वासाकडे पाहताच घुसमट होते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, तळपाय जमिनीला टेकवून बसावे आणि नको वाटले की थांबावे. यात कमीपणा नाही. सतत उदास वाटत असेल, जगणे नकोसे होत असेल तर शवासनावर विसंबू नये. डॉक्टर गाठावा, किंवा सरकारच्या टेली मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा.

याहून अवघड प्रश्न दुसरा आहे. बारा तास बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलिसाला, पन्नास रुग्णांमागे एकटी धावणाऱ्या परिचारिकेला, कर्जाच्या हप्त्याने झोप उडालेल्या शेतकऱ्याला ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणून सांगणे आणि कामाचे तास, रिकामी पदे, पिकाचा भाव यांबद्दल गप्प राहणे हा अन्याय आहे. श्वासाने माणसाला क्षणभर सावरता येते, पण त्याच्यावरचे ओझे त्याने उतरत नाही. ज्या कार्यालयात योग दिन साजरा होतो आणि हक्काची सुट्टी मात्र नाकारली जाते, तिथे आजच्या सोहळ्याला अर्थ उरत नाही. शांत झालेला माणूस अन्याय निमूट सोसेल अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती चुकीची आहे. सावरलेला माणूस आपले म्हणणे अधिक स्पष्टपणे मांडू शकतो.

म्हणून मागणी मोठ्या मैदानाची नाही. शाळांत शारीरिक शिक्षणाचा तास गणित-विज्ञानाला देऊन टाकण्याची सवय मोडावी आणि त्या तासाची शेवटची दहा मिनिटे शवासनाची असावीत. जिल्हा रुग्णालयांत रक्तदाबाच्या रुग्णांना गोळ्यांबरोबर संथ श्वास शिकवणारा प्रशिक्षित माणूस मिळावा. असे शिक्षक तयार करणारे कैवल्यधाम लोणावळ्यात आहे, अय्यंगारांची संस्था पुण्यात आहे, योगेंद्रजींनी १९१८ मध्ये सुरू केलेली योग संस्था सांताक्रूझला आहे. माणसे शोधायला राज्याबाहेर जावे लागणार नाही. आणि नगरपालिकांनी आज जे सभागृह पहाटे उघडले ते उद्या, २२ जूनलाही सकाळी सहा ते सात उघडे ठेवावे, वर्षभर ठेवावे, सतरंज्या तिथेच राहू द्याव्यात आणि शिकवणाऱ्याला वेळेवर मानधन द्यावे.